घामट हाताचा पॉलिशवाला

आमच्या पॉलिशच्या खोलीत किस्से साठतात, त्याला कारण आहे. दिवसभर हात गुंतलेले आणि तोंड मोकळं! मशीनवरच्या माणसाला मशीनचा आवाज बोलू देत नाही, ऑफिसातल्या माणसाला साहेब बोलू देत नाहीत. आम्हाला मात्र नुसतं घासायचं असतं. घासता घासता माणूस बोलतो, बोलता बोलता हसतो, आणि हसताना हातातली पॉलिशची काडी घसरली की रडतो. असे इतके किस्से झालेत की कोणता आधी घडला आणि कोणता नंतर, यावरूनच आता आमची भांडणं होतात.

थोडी ओळख करून देतो. रत्नागिरीच्या एमआयडीसीत दामलेसाहेबांचं लहानसं वर्कशॉप आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यातून निघतात ते टूल स्टीलचे साचे तिथे बनतात. औषधाची पारदर्शक बाटली असो की स्कूटरच्या दिव्याची काच, साच्यावर एक बारीक ओरखडा राहिला तर तो पुढे निघणाऱ्या प्रत्येक बाटलीवर उमटणार. म्हणून साचा आतून आरशासारखा करावा लागतो. ते काम आमच्या खोलीत चालतं. खोलीत माणसं तीन. गोविंदमामा सगळ्यांत जुने, उभं आयुष्य मुंबईत डाय, म्हणजे असेच साचे, घासून आता गावी परतलेले. दुसरी शमीम, राजिवड्याची, आधी कोळंबीच्या फॅक्टरीत होती. आणि तिसरा मी, संजय.

माझी ओळख एका शब्दात होते. काळजी! गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, लावलेलं कुलूप खरंच लागलं का, असा माझा स्वभाव. पण एक काळजी मात्र खरी आहे. हे काम शिकलेल्या माणसाला रत्नागिरीत दुसरं दार नाही. ही खोली सुटली की सरळ चाकण! माझे वडील मुंबईला नोकरीला होते. गणपती आणि शिमगा सोडून ते आम्हाला कधी दिसले नाहीत. शिमग्याला आले की पहिला दिवस मला त्यांच्याशी बोलायला लाज वाटायची. माझ्या मुलीला माझी तशी लाज वाटू नये, एवढंच मला हवंय. त्यामुळे दामलेसाहेबांनी नुसतं "संजय, जरा इकडे ये" म्हटलं, तरी मला चाकणची एसटी दिसायला लागते.

*

आमचं काम लोकांना समजावून सांगणं हे घासण्यापेक्षा अवघड आहे.

सावर्ड्याला बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत शेजारी तिचे एक काका बसले होते. त्यांनी विचारलं, "जावईबापू, काय करता?"

मी म्हटलं, "लोखंड घासतो."

काकांचा चेहरा पडला. पुतणीला कुठे दिली, असा भाव. मग मी जरा घाईने म्हटलं, "म्हणजे आधी दगडाने, मग कागदाने, आणि शेवटी हिऱ्याने."

काका जेवायचे थांबले. "हिऱ्याने?"

"हो. हिऱ्याची पेस्ट येते. इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत असते. बांबूच्या काडीला लावायची आणि घासायचं."

ही बातमी मठ्ठा येईपर्यंत बायकांच्या पंगतीत पोचली. निघताना काकी मला बाजूला घेऊन गेल्या. इकडेतिकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, कामाच्या गडबडीत एखादा सांडतच असेल की हो! नथीत बसेल एवढा पुरे!"

मी त्यांना सांगितलं की ती नुसती भुकटी असते, कण डोळ्यालाही दिसत नाही. काकींना ते पटलं नाही. त्या आता मला चेंगट म्हणतात.

*

त्या न दिसणाऱ्या कणांनीच आमचा जीव घेतलाय.

पॉलिशचा नियम असा, की जाड कणाची पेस्ट झाली की बारीक कणाची घ्यायची, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी आधीच्या पेस्टचा मागमूस ठेवायचा नाही. काडी वेगळी, फडका वेगळा, डबा वेगळा. हात कोपरापर्यंत धुवायचे. एक जाड कण चुकून मागे राहिला, तर तो आरशावर रेघ मारतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शमीम या बाबतीत फार कडक. तिच्या टेबलावर कोणी नुसता वाकला तरी ती ओरडते.

मध्यंतरी मला रात्रभर झोप लागेना. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको. सकाळी समुद्रावर चालत जा. मन शांत होतं." मी रोज पहाटे भाट्याला जायला लागलो. सुरूच्या बनाजवळून खाडीच्या तोंडापर्यंत चालायचं, परत यायचं, तसंच कामावर. मन खरंच शांत व्हायला लागलं.

आणि त्याच आठवड्यापासून माझ्या कामात रेघा यायला लागल्या! फडके बदलले, काड्या बदलल्या, पेस्टची नवी नळी फोडली. तरी रेघ! मामा म्हणाले, "दृष्ट काढ मेल्या." मी तीही काढून घेतली.

शेवटी एका सकाळी मी टेबलापाशी बसलो आणि सवयीने पँटची घडी वर केली. घडीतून भुरभुर वाळू सांडली. शमीमने ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "संजूदादा! भाट्याची अर्धी पुळण हितं आणलीस!"

दामलेसाहेबांपर्यंत गोष्ट गेली. त्यांनी मला बोलावलं. ते म्हणाले, "डॉक्टरांना सांग, मन शांत करायचं तर डांबरावर करायचं. वाळूवरची शांती आपल्याला परवडत नाही!"

*

माझ्यासारख्या माणसाने हे काम करू नये, असं गोविंदमामांचं जुनं मत आहे. कारण या कामात सुरुवात कोणीही करतो, थांबता यावं लागतं.

लोखंड जास्त घासलं तर जास्त चकाकेल असं वाटतं ना? तसं होत नाही. एका मर्यादेपर्यंत ते आरसा होत जातं. तिच्यापुढे घासत राहिलं, विशेषतः दाबून घासलं, की पृष्ठभाग खरबरीत व्हायला लागतो. बारीक बारीक खड्डे आणि उंचवटे दिसतात, अगदी संत्र्याच्या सालीसारखे. पुन्हा दगडावर जावं लागतं.

आता काळजीवाल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं का? आरसा झालेला असायचा. मामा लांबूनच म्हणायचे, "झला. ठेव." मी म्हणायचो, "मामा, हा कोपरा बघा, जरासं..." आणि मी जरासं करायचो. मग त्या कोपऱ्याशी जुळावं म्हणून दुसरा कोपरा जरासा. एका दिवाळीच्या तोंडावर दिव्याच्या काचेचा साचा तयार होता, गाडी दारात उभी होती. मी 'जरासं' केलं. उजेडात धरला तर सगळीकडे साल!

घाबरत घाबरत मामांना दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, साच्याचा तो तुकडा खिडकीकडे फिरवून फिरवून बघितला. मग शांतपणे म्हणाले,

"मेल्या, अख्खी रत्नांग्री हापूस पिकवते. तू एकटाच संत्री काढतंस!"

तेव्हापासून माझा तुकडा आरशावर आला की शमीम येऊन माझ्या हातातून काडी काढून घेते. मी 'जरासं' म्हणायला तोंड उघडलं की ती बोटाने गप्प बस अशी खूण करते. मी गप्प बसतो, पण घरी जाऊन त्या कोपऱ्याचीच काळजी करतो.

*

खंडेनवमीची पूजा आमच्याकडे जोरात असते. दामलेवहिनी स्वतः ताट घेऊन येतात. मशीन धुतलेली, झेंडूच्या माळा, पाना-हातोड्यांना कुंकू. सगळं नीट चाललं होतं.

त्या वर्षी एक औषधाच्या बाटलीचा साचा त्याच सकाळी पुरा झालेला होता. असा आरसा झाला होता की बघणाऱ्याला स्वतःच्या दाढीचे केस मोजता यावेत. तो पॅक करायचा होता. मी कागद आणायला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर तुकडा टेबलावर नाही! माझं काय झालं असेल विचार करा. शोधत बाहेर आलो, तर पूजेच्या चौरंगावर, बरोबर मध्यभागी, तुकडा!

मामा हात जोडून उभे. मी कानात विचारलं, "मामा, हे काय?" ते म्हणाले, "वर्षातला सगल्यात चांगला काम देवाच्या समोर नको ठेवूला?"

मी काही बोलणार तेवढ्यात वहिनींनी ओल्या बोटाने आरशावर हळद लावली. मग कुंकू. मग ओल्या अक्षता. मग पाण्याने निथळणारा झेंडू, दांड्यासकट! इकडे आरशावर एक एक थेंब पडत होता आणि मी तो मोजत होतो. ओल्या हळदकुंकवाखाली लोखंड किती वेळ टिकतं ते मला माहीत होतं. पण मालकिणीला आणि देवाला एकाच वेळी थांबा कसं म्हणणार?

बरं, आरती तरी आटपावी! दामलेसाहेबांना आरत्यांची हौस. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. वाटलं संपलं. साहेबांनी डोळे मिटून विठ्ठलाची सुरू केली. मी टाळ्या दुप्पट वेगाने वाजवायला लागलो, म्हणजे तरी गाणं पळेल. कोणी पळवेना. मंत्रपुष्पांजली सुरू झाली तेव्हा माझ्या डोळ्यांतून खरोखर पाणी वाहायला लागलं.

वहिनींनी ते बघितलं. साहेबांना कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघा, बघा! भक्ती शिका जरा संजयकडून!"

प्रसादाचं पहिलं केळं मला मिळालं. आणि तुकड्यावर टिकलीएवढा डागही मिळाला. तो काढायला सुट्टीच्या दिवशी यावं लागलं.

*

आता माझ्या हातांबद्दल सांगायलाच हवं, कारण खरी भीती तिथे आहे.

मला तळहाताला घाम येतो. साधा नाही, ओघळतो. शाळेत परीक्षेला माझा पेपर भिजायचा. लग्नात हातात हात दिला तेव्हा बायकोला वाटलं होतं, भटजींनी मला पाण्यात हात बुडवायला सांगितलंय. काळजी वाटली की घाम येतो, आणि घाम आला की काळजी वाटते. हे चक्र कुठून सुरू झालं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या कुठल्या कामात हे चाललं असतं. पण आरसा केलेल्या लोखंडाला उघडं बोट लागलं की त्यावर बोटाचा ठसा राहतो. त्यात आमची हवा अशी खारट आणि दमट! मांडवीच्या समुद्रावरून वारा सुटला की खोलीतले स्क्रूसुद्धा तांबडे होतात. चांगल्या कोरड्या हाताचा ठसा पुसला की जातो. माझ्यासारख्याचा पुसायचा राहिला, तर सकाळपर्यंत गंजून लोखंडात बसतो, रेघारेघांसकट, तांबडा.

पहिल्यांदा असा ठसा सापडला तेव्हा दामलेसाहेबांनी तो भिंगातून बघितला आणि मला विचारलं, "संजय, हे साचा म्हणून पाठवू की आधार कार्ड म्हणून?"

मग उपाय सुरू झाले. रबरी हातमोजे घातले. जेवायच्या सुट्टीत काढले तर प्रत्येक बोटातून पाणी निथळलं. शमीम म्हणाली, "संजूदादा, यात कोलंबी सोडली तर जगेल!" सुती मोजे घातले, ते ओले होऊन तुकड्यावर घामाचे डाग उमटले. टाल्कम पावडर लावली, तिचे कण आरशाला नकोत. तुरटीच्या पाण्याने हात कडक झाले, घाम मात्र तिथेच.

गोविंदमामा म्हणाले, "अंगातली उष्णता हाय ती. आमसूल लाव." आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळतातच. मला पटलं. रात्री बायकोने आमसुलं भिजत घातली, सकाळी मी ते पाणी दोन्ही हातांना चांगलं चोळलं. हात गार, लालसर, आणि अहो, खरंच कोरडे! मी आनंदाने मामांना हात दाखवले. मामांनी वर्कशॉपभर सगळ्यांना सांगितलं.

त्या आनंदात आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आमच्या आयाबहिणी तांब्यापितळेची भांडी आमसुलानेच घासतात! आंबटाने धातू कसा खाल्ला जातो हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. दुपारपर्यंत मी हात लावलेल्या प्रत्येक तुकड्यावर काळपट पंजा उमटला होता.

दामलेसाहेब म्हणाले, "संजय, घाम परवडला. सोलकढी नको!"

साहेब हसत बोलले, तरी जाताना एक वाक्य टाकून गेले. "आता मात्र एकही ठसा बाहेर गेला, तर मला विचार करावा लागेल."

ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. बायकोला सांगितलं नाही. चाकणला माझा एक मित्र आहे, त्याला मात्र फोन केला. तो म्हणाला, "ये की! खोलीत आम्ही चौघं आहोत, पाचवा बसेल." मुलगी शेजारीच अभ्यास करत बसली होती. मी फोन घेऊन अंगणात गेलो.

*

आणि आता शेवटचा. हा सांगायचं मी इतके दिवस टाळत होतो, कारण मला तो अजून नीट कळलेला नाही.

पुण्याची एक मोठी पार्टी आहे. त्यांचा औषधाच्या बाटलीचा एक तुकडा आम्ही अगदी जीव लावून केला होता. पॅक केला, पाठवला. चार दिवसांनी फोटो आला. आरशाच्या कडेला एक तांबडा अंगठा!

दामलेसाहेबांनी फोटो तिघांना दाखवला. मला बोलायची गरजच नव्हती, माझ्या हातातून टपटप पाणी गळत होतं. तरी शमीम म्हणाली, "साहेब, पॅकिंगला तर मीपण हात लावला होता." मामा म्हणाले, "मीपन." साहेब म्हणाले, "मग परीक्षा घेऊ. मला अंदाजाने कोणाला घालवायचं नाही."

त्यांनी भंगारातून स्टीलची एक पट्टी काढली. मामांनी ती आरशासारखी केली. साहेबांनी पेनने तिचे तीन भाग केले, खाली तीन नावं लिहिली. आम्ही एक एक करून अंगठा दाबला. माझा अंगठा उचलल्यावर तिथे चक्क थेंब राहिला. पट्टी उघडी टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "सकाळी ज्याचा गंजला असेल, त्याने पॅकिंग आणि पॉलिश दोन्ही सोडायचं."

मी घरी कसा गेलो ते आठवत नाही. आईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं की मी भात नुसताच कालवत बसलोय.

सकाळी सगळे टेबलाभोवती जमलो. पट्टी लखलखीत! एकही ठसा नाही. वरून तेलाचा पातळ थर.

साहेब भडकले. "कोणी लावलं हे तेल?"

आता तुम्हाला सांगतो, आमच्या खोलीत संध्याकाळी निघताना उघडं लोखंड ठेवायचं नाही, ही रीत आहे. तुकडा पुरा असो की अर्धा, फडक्याने पुसायचा, गंज धरू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा आणि मगच दिवा बंद करायचा. घरात तिन्हीसांजेला दिवा लावतात ना, तसं ते हाताला बसलेलं असतं. दुसऱ्याचा तुकडा दिसला तरी हात फिरवूनच पुढे जायचं.

गोविंदमामांनी मान खाली घातली. "मी लावला सायेब. मुद्दाम न्हाय. चप्पल घालताना आठवला, लोखंड उघडा ऱ्हायलाय. हात गेला. घरी गेल्यावर समाजला काय करून बसलो ते."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मला तर हसू येईना आणि रडूही येईना. एक दिवस वाचला एवढंच.

पुन्हा परीक्षा! पुन्हा पट्टी पॉलिश, पुन्हा तीन अंगठे. या वेळी साहेबांनी पट्टी उचलली आणि म्हणाले, "तुमच्यावर भरवसा नाही. ही माझ्या केबिनमध्ये राहील. किल्ली माझ्याकडे." आमच्या देखत त्यांनी केबिनला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, आणि आम्हाला म्हणाले, "निघा." आम्ही निघालो तेव्हा ते ऑफिसच्या दारात फोनवर पुण्याच्या पार्टीशी बोलत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिशात राजीनाम्याचा अर्ज घेऊन गेलो होतो. म्हटलं, त्यांनी जा म्हणण्याआधी आपणच जावं. बायकोला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "गणपतीला तरी येशील ना?"

साहेब आमच्या आधी आलेले होते. त्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. कुलूप काढलं. टेबलावर पट्टी होती.

लखलखीत. पुसलेली. वरून तेलाचा पातळ थर, एका दिशेने, कडेपर्यंत सारखा. अगदी जुन्या माणसाचा हात.

शमीमने माझ्याकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं. साहेबांनीही मुंबईला पंधरा वर्षं काडी घासलेली आहे, मामांच्या शेजारच्याच टेबलावर. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांच्या हातात तेलाचा फडका आम्ही कधी पाहिलेला नव्हता.

साहेब पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि एकदम माझ्यावर खेकसले.

"काय बघतोस? पुण्याचा तुकडा परत आलाय, तुझ्या टेबलावर ठेवलाय. आज दगडापासून सुरुवात कर. झाला की हात न लावता शमीमला हाक मार, पुसणं आणि पॅकिंग तिचं. आणि संजय..."

मी खिशातल्या अर्जावर हात ठेवला.

"तुझ्या त्या चाकणवाल्या मित्राचे साहेब परवा मला फोन करून विचारत होते, माणूस कसा आहे म्हणून. मी सांगितलं, फार घामट आहे. तुम्हाला झेपणार नाही."